जांभळा ओठ

“ओठाला काय लागलंय गं तुझ्या?” पेस्ट्रीवाली म्हणाली, आणि ओर्सोलाच्या हातातला पुडा निसटता निसटता राहिला. काउंटरमागं बाटल्यांच्या फळीला आरसा होता. त्यात तिनं पाहिलं. खालच्या ओठाच्या मधोमध जांभळा डाग. घाबरून तोंड उघडलं तर जीभही जांभळी, तुती खाऊन आलेल्या पोरीसारखी. एप्रिल महिन्यात कुठल्या आल्यात तुती! दुकानात रविवारचे कपडे घातलेली माणसं होती, सगळी तिच्यासारखीच शाळेतून मत देऊन आलेली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिच्या ओठाकडं कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नसतं. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईची जीभ जांभळी नसायची तर कुणाची असायची? “कामाचं आहे, जात नाही लवकर,” ती म्हणाली. “रविवारी कसलं काम?” पेस्ट्रीवाली हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. ओर्सोला रस्त्यावर आली, हातरुमाल तोंडाला लावला, आणि कोपऱ्यावरच्या पोस्टरांनी भरलेल्या भिंतीपाशी आल्यावर तिला नीट उमगलं, की आपण काय करून बसलोय. भिंतीला टेकून ती उभी राहिली. लोक येत होते, जात होते, नमस्कार करत होते, आणि ती रुमालामागून मान हलवत होती.

ती पेन्सिल तिच्या हाताला सवयीची होती, हाच घोटाळा. लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला पांढऱ्या फडक्याची एक चिंधी टाचायची आणि तिच्यावर नंबर घालायचा, तो ह्याच पेन्सिलीनं. कोरडी असेपर्यंत ती साध्या शिश्यासारखी करडी लिहिते. ओल लागली की जांभळी होते, आणि एकदा जांभळी झाली की सोडा घाला, उकळा, बडवा, ती जात नाही म्हणजे नाही. म्हणून नंबर घालायच्या आधी टोक जिभेला लावायचं. इतकी वर्षं लावतेय, आता जिभेला लागल्याचं तिला कळतसुद्धा नाही. विशेषतः आकडा चुकता कामा नये अशी जागा आली, लग्नाचा पोशाख असला किंवा एखाद्या वकिलाचा नवा कोट असला, की हात थांबतो, मन थांबतं आणि पेन्सिल आपोआप तोंडाकडं जाते. आज शाळेतल्या त्या पडद्याआड सरकारनं तिच्या हातात नेमकी तीच पेन्सिल दिली होती. कुणाला खोडता येऊ नये म्हणून. चिठ्ठ्या दोन होत्या. वरच्या सभागृहाची तिनं झटक्यात उरकली. नवऱ्याच्या पक्षाचं चिन्ह, ताऱ्यातला दाढीवाला, त्याच्यावर फुली, नवऱ्यानं महिनाभर सांगितली होती तश्शी. घडी घातली, कडेचा डिंक चाटला, चिकटवली. दुसऱ्या चिठ्ठीशी मात्र हात थांबला. दाढीवाला तिथंही होता. आणि त्याच कागदावर दुसरीकडं ती ढाल होती, पोटावर क्रॉस असलेली, पाद्रीबाबांच्या पक्षाची, आईची. ओर्सोला थांबली. विचार करत राहिली. आणि मग ढालीवर फुली मारून, घडी घालून, त्याच जिभेनं तिनं डिंक चाटला. एक नवऱ्याची आणि एक माझी, असं तिच्या मनात आलं होतं, आणि स्वतःच्या हुशारीचं तिला इतकं बरं वाटलं होतं की ती वाटेत पेस्ट्री घ्यायला थांबली. हुशारी! डिंकाच्या पट्टीवर आख्खी जीभ उमटली असणार. आत फुली ढालीवर, कडेला जांभळा फराटा. चिठ्ठीवर मतदाराची खूण दिसली तर ती बाद करतात म्हणे. करोत. बाद होण्याचं तिला काही नव्हतं. पण बाद करायच्या आधी ती उघडणार, हातोहात फिरणार, आणि मोजणीच्या त्या टेबलाच्या टोकाला सेकोंदो बसलेला असणार होता.

सेकोंदो तिचा नवरा. कारखान्यात लेथवर होता, आणि निवडणुकीत रशियाला मानणाऱ्या आपल्या लाल पक्षाचा प्रतिनिधी म्हणून त्या खोलीत बसला होता, गळ्यात लाल रुमाल, दाढी घोटून घोटून केलेली. प्रतिनिधीनं बघायचं सगळं, हात कशाला लावायचा नाही. हा नियम तो गेला महिनाभर येईल त्याला समजावून सांगत होता. पेन्सिल परत देताना ओर्सोलानं त्याच्याकडं पाहिलं होतं, आणि त्यानं तिच्याकडं. तो हसला होता का? आता तिला आठवेना. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर होती की ओठावर, हेही आठवेना, आणि ते आठवण्यासाठी भिंतीला टेकून तिनं इतका जीव आटवला की डोकं भणभणायला लागलं. सेकोंदो वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, तुझं बाई नशीब, हात उचलत नाही, पगार घरी आणतो. खरंच होतं ते. सेकोंदो ओरडायचाही नाही. तो समजावून सांगायचा. जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर बोट टेकवून, हे इथं, ते तिथं, म्हणून असं, असं करत तो इतक्या मायेनं समजावायचा की शेवटी आपल्याला काय वाटत होतं तेच माणसाला आठवू नये. लढाईत रशियात हरवलेल्या मुलांसाठी चर्चमध्ये प्रार्थना होती तेव्हा तिला आईबरोबर जायचं होतं. सेकोंदोनं जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. त्या प्रार्थनेचा उपयोग कोण कशासाठी करून घेतंय एवढंच सांगितलं. ती गेली नाही. कुणी अडवलं नव्हतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. नंतर कितीतरी दिवस बशा विसळताना तिला वाटायचं, आपल्या आत एक खोली होती, तिच्यातलं सामान कुणीतरी फार नम्रपणे बाहेर नेलंय.

आईचं समजावणं वेगळं. ती रडायची. “ज्यांनी माझं लेकरू ठेवून घेतलंय, त्यांना मत देशील तू? सांग ना, देशील?” आणि ओर्सोला म्हणायची, नाही देणार गं आई, उगी. घरी येऊन सेकोंदोला म्हणायची, देईन रे, किती वेळा सांगशील. दोघांना हो म्हणून ती बसली होती. लेकरू म्हणजे देल्फीनो, तिचा धाकटा भाऊ. तो लढाईवर निघाला त्या सकाळी स्टेशनवर धुक्यात माणूस माणसाला दिसत नव्हता. तिनं त्याला लोकरीचे हातमोजे विणून दिले होते, आणि पलटणीत एकाचं एकाला जातं म्हणून दोन्ही मोज्यांच्या आत चिंधी टाचून त्याच्या नावाची अक्षरं घातली होती. लाँड्रीत खूण केलेली वस्तू हरवत नाही. चार घरं फिरून का होईना, परत येते. गाडीच्या खिडकीतून देल्फीनो ओरडला होता, “तायडे, जीभ दाखव!” तिनं दाखवली होती. जांभळी जीभ बघून तो इतका हसला की शेजारचे सैनिकही हसायला लागले. दोन नद्यांपलीकडून त्याचं एक कार्ड आलं, मोजे उबदार आहेत म्हणून. पुढं रशियातल्या त्या डॉन नदीच्या बर्फात काय झालं ते कुणालाच माहीत नाही. सरकारी कागद आला, त्यावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. सेकोंदो म्हणायचा, तो गेला ओर्सोला, ज्यांनी फाटक्या बुटांनिशी पाठवला त्यांनी मारला त्याला, रशियानं नाही. पटायचं तिला. पण फुली मारताना तिच्या मनात काय होतं? पाद्रीबाबा नव्हते, अमेरिकेनं मदतीत धाडलेलं पीठ नव्हतं, काहीसुद्धा नव्हतं. एवढंच होतं, की ढालवाले निवडून आले तर निदान मोठ्यानं विचारतील, आमची पोरं कुठं आहेत म्हणून. सेकोंदोच्या लोकांना विचारायची भीड पडेल. वेडेपणा असेल. असू दे. तो वेडेपणा कुणाला दाखवला असता तर त्यांनी तो समजावून काढून घेतला असता, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती.

घरी येऊन तिनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं, चुलीतली राख चोळली. जीभ थोडी निवळली. ओठ मात्र सुजला, आणि सुजलेल्या ओठावर डाग आणखी ठसठशीत दिसायला लागला. शेवटी तिनं लोकरी रुमाल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली, पुढची कड ओठावर ओढली आणि गॅलरीत जाहीर केलं, दात दुखतोय. झालं! शेजारची आदालजीझा मावशी लवंगा घेऊन आली. “दाढेत धर. दाढेत गं, अशी पुढं काय चघळतेस?” खालच्या मजल्यावरून कुणीतरी द्राक्षाच्या दारूची बाटली पाठवली, गुळणी करायला. मावशी तिच्या कपाळावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, “मत देऊन आलीस आणि दात दुखायला लागला. तरी बरं, मला त्यांनी पुसलंच नाही कुणाला देते ते, नाहीतर माझी कवळीच पडली असती.” ओर्सोलाला हसू आलं आणि हसताना रुमाल सरकला, तो तिनं असा काही झडप घालून वर ओढला की मावशी चपापली. संध्याकाळी सेकोंदो आला तेव्हा थकून गेला होता, पण खुशीत होता. “कुठला दात?” त्यानं विचारलं. तिनं डावा गाल दाखवला. जेवताना तिनं सूप उजव्या बाजूला घ्यायचं ठरवलं होतं, आणि ठरवल्यामुळंच गडबडली. सेकोंदो बघत होता. “उद्या मोजणी उरकली की दातांच्या डॉक्टरकडं जाऊ,” तो म्हणाला. “उजवा म्हणालीस ना?” “हो,” ती म्हणाली. मग आठवलं. “डावा.” सेकोंदोनं पाव मोडला आणि सुपात बुडवला. समजावून मात्र काही सांगितलं नाही. ती बिछान्यात भिंतीकडं तोंड करून पडली, आणि त्याला माहीत आहे, नाही माहीत, माहीत आहे, असं तिचं सकाळपर्यंत चाललं.

सोमवारी लाँड्रीत तिनं पेन्सिल पाण्याच्या वाटीत बुडवून नंबर घातले. मालक म्हणाले, “काय बाई, संप पुकारलाय का जिभेनं?” दुपारी दोन दिवसांचं मतदान बंद झालं आणि शाळेचं फाटक लागल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. तेव्हापासून ओर्सोलाच्या डोळ्यांसमोर ते टेबल होतं. पेटीतून एक चिठ्ठी निघतेय, केंद्राचे अध्यक्ष ती उघडतायत, मोठ्यानं वाचतायत, बाजूला देतायत. पुन्हा एक. माझी तळाशी असेल. नाही, मी सकाळी लवकर गेले होते, पण पेटी उपडी करतात, म्हणजे वर येईल. कोट खांद्यावर टाकून ती घरी निघाली तेव्हा एका घराच्या फोडलेल्या भिंतीत अजून बॉम्बहल्ल्याच्या वेळची हिरवी खोली उघडी दिसत होती, भिंतीवर टांगलेल्या आरशाच्या जागी नुसता खिळा. रोजची वाट होती, रोज दिसायची ती खोली. आज तिला वाटलं, कुणाची तरी झोपायची खोली अशी रस्त्यावर दिसावी, ह्याच्यासारखी लाज नाही. काय म्हणतील लोक? सेकोंदोची बायको! सगळ्या वस्तीला समजावून सांगत फिरला, आणि स्वतःच्या घरात? त्याला हसतील. हीच गोष्ट तिला सहन होईना. त्यानं मारलं असतं तर सोसता आलं असतं. लोकांनी त्याला हसलेलं तिला सोसवणार नव्हतं, आणि तरी ती फुली परत पुसावी असंही वाटत नव्हतं. दोन्ही खरं होतं. दोन्ही घेऊन ती जिना चढली.

सेकोंदो घरात होता. उजेड अजून भरपूर होता, मोजणी अर्धीही झाली नसेल, आणि तो टेबलापाशी टोपी घालूनच बसला होता.

“लवकर आलास?”

“बाहेर काढलं मला.”

“कुणी?”

“अध्यक्षांनी. चिठ्ठीला हात लावला म्हणून.”

“तू? तू हात लावलास?”

तो मेणकापडाकडं बघत राहिला. बोट टेकवलं नाही. “दात कसा आहे?” त्यानं विचारलं. आणि तिनं बरा आहे म्हटल्यावर, “बस,” एवढंच म्हणाला. ती बसली नाही. तिनं सूप गरम करायला ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. गॅलरीत आदालजीझा मावशीनं रेडिओ खिडकीत आणून ठेवला होता, त्यातून कुठल्या कुठल्या गावांचे आकडे येत होते आणि चौकातले लोक कधी ओरडत होते, कधी शिव्या देत होते. सेकोंदो उठला नाही. हे त्याचे आकडे होते, महिनाभर ज्याच्यासाठी घसा फोडला ते आकडे, आणि तो टोपी घालून बसला होता, एखाद्या ऑफिसात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. विचारावं का? तिच्या जिभेच्या टोकावर आलं, जिभेचंच दुखणं ते, आणि तिथंच राहिलं. त्यानं हात का लावला असेल हे तिला हळूहळू, नकोसं, कळत चाललं होतं. पण कळलंय हे स्वतःशीसुद्धा कबूल करायला ती तयार नव्हती.

अंधारून यायच्या सुमाराला जिन्यावर दाणदाण पावलं वाजली. फेर्रुच्चो. सेकोंदोच्याच पक्षाचा, त्याच्याच शेजारच्या लेथवरचा, मोजणीच्या टेबलावर नेमलेल्या माणसांपैकी एक. आत यायच्या आधीच त्याचा आवाज आला, आणि गॅलरीतल्या बायका रेडिओ सोडून त्याच्याकडं बघायला लागल्या.

“बाहेर ये सेकोंदो! सगळ्यांसमोर सांग मला, कुणाचा माणूस आहेस तू?”

सेकोंदो बाहेर गेला. टोपी काढून हातात घेतली.

“हरलो आपण,” फेर्रुच्चो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “देशभर हरलो. आणि हा! ढालीची एक चिठ्ठी निघाली, कडेला हा एवढा जांभळा डाग. मी म्हटलं, खूण आहे, बाद करा. अध्यक्ष बादच करत होते. म्हणत होते, नोंद करू, जांभळा डाग, कुणी ओळखतं का खूण? तेवढ्यात हा उठतो आणि म्हणतो, डाग माझा आहे. म्हणे सरकवताना माझा ओला अंगठा लागला, पेन्सिल धरली होती. खोटं! तू जागचा हलला नव्हतास. मी शेजारी होतो. मतदाराचा डाग नाही म्हटल्यावर चिठ्ठी मोजणीत धरली त्यांनी. ढालीला एक मत वाढवून दिलंस तू, आपल्या हातानं, वर बाहेर हाकलून घेतलंस. किती दिलं रे तुला पाद्र्यांनी?”

“तोंड सांभाळ,” आदालजीझा मावशी म्हणाली.

“त्यानं सांगावं ना! समजावून सांगतो ना सगळ्यांना? सांग की!”

सेकोंदो टोपीची कड बोटांतून फिरवत राहिला. वर, खाली, समोरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. ह्या चौकात त्याचा शब्द चालायचा. भांडणं मिटवायला त्याला बोलवायचे. आणि आता तो गप्प होता, आणि त्याचं गप्प बसणं ज्याला त्याला जसं हवं तसं कळत होतं. ओर्सोला दारात उभी होती. तिला वाटलं, आत जावं, दार लावावं, उद्या सगळे विसरतील. विसरले नसते. त्यानं तिची लाज झाकण्यासाठी स्वतःची उघडी टाकली होती, आणि ती रुमालात तोंड घालून दाढदुखीचं सोंग करत होती. तिला फार भीती वाटत होती. हात मात्र वर गेले. गाठ ओली झाली होती, सुटेना, नखं लावून सोडवावी लागली.

“फेर्रुच्चो,” ती म्हणाली. “इकडं बघ.”

त्यानं पाहिलं. सुजलेला ओठ, मधोमध डाग. दिवा त्याच्या मागेच होता, उजेड नेमका तिच्या तोंडावर पडला होता.

“पेन्सिल चाटायची सवय आहे मला. ती चिठ्ठी माझी. त्याला पैसे कुणी दिले नाहीत.”

“तुझी?” फेर्रुच्चोचा आवाज एकदम उतरला. “ढालीला? तू?”

“एक तुमच्या दाढीवाल्याला दिली. ती सेकोंदोची. ही माझी.”

रेडिओ आकडे सांगत होता. मग आदालजीझा मावशी म्हणाली, “म्हणजे माझ्या लवंगा फुकट गेल्या तर,” आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी फिसकन हसलं. फेर्रुच्चोनं टोपी डोक्यावर दाबली, सेकोंदोच्या खांद्यावर हात ठेवायला निघाला, ठेवला नाही, आणि जिना उतरून गेला. उद्या कारखान्यात काय होईल ते होईल. ती दोघं आत आली. सेकोंदोनं दार लावलं आणि टेबलापाशी बसला, त्याच्या नेहमीच्या जागी, आणि बोट मेणकापडावर टेकवलं. आता सुरू होणार, ओर्सोलाच्या मनात आलं. हे इथं, ते तिथं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“मला आधी सांगितलं असतंस तर?” तो म्हणाला.

“समजावलं असतंस.”

“हो,” तो म्हणाला. “समजावलं असतं.”

बोट उचलून त्यानं हात मांडीवर घेतला. सूप जळल्याचा वास येत होता, दोघांपैकी कुणी उठलं नाही. “ओठ दुखतोय?” त्यानं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. खरं म्हणजे फार दुखत होता. तो उठला, पातेलं उतरवलं, पाणी ओतलं, आणि तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला,

“देल्फीनोच्या मोज्यांवर हीच पेन्सिल होती ना?”

“हीच.”

“आणि धुतली तरी जात नाही?”

“नाही जात.”

तो पातेलं खरवडत राहिला. तो गेला, असं म्हणायची ही वेळ होती, रोज म्हणायचा तसं. तो म्हणाला नाही.

“मग आहेत ते मोजे कुठंतरी,” सेकोंदो म्हणाला. “त्याचं नाव आहे त्यांच्यावर.”